दोन कामं सोडून

उंचीच्या बाबतीत महाराष्ट्राला फार मिजास करता येत नाही. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे कळसूबाईचं शिखर, आणि त्याची उंची १६४६ मीटर. मनालीच्या स्टँडवर उतरून आपण 'चहा कुठे मिळेल हो?' असं विचारतो, तेव्हा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर उभे असतो. त्याबद्दल कुणी आपल्या पाठीवर थाप मारत नाही. लेहमध्ये माणसं साडेतीन हजार मीटरवर राहतात, भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात आणि त्याचे फोटो कुणाला पाठवत नाहीत. सह्याद्रीपुरतं बोलायचं म्हटलं तरी पहिला नंबर केरळातल्या अनाईमुडीचा, २६९५ मीटर. आणि एव्हरेस्टचं तर नावच काढू नये. पाच कळसूबाया एकीवर एक उभ्या केल्या, तरी एव्हरेस्टचा माथा सहाशे मीटर वर उरतो.

पण आपण नाव काढतोच. कळसूबाईला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. नेपाळात एव्हरेस्टला 'तिकडची कळसूबाई' म्हणतात असं अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही. पुण्यात, मुंबईत किंवा नाशकात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी 'कळसूबाई झालं का?' हा प्रश्न येतोच. आणि तो विचारणाऱ्याचा स्वर 'लग्न झालं का?' विचारणाऱ्याइतकाच काळजीचा असतो.

त्यात कळसूबाईची आणखी एक पंचाईत आहे. तिच्यावर गड नाही. महाराष्ट्रात ज्या डोंगरावर किल्ला नाही त्या डोंगराकडे लोक जरा संशयानंच पाहतात. राज्यातला सर्वांत उंच किल्ला बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. म्हणजे उंचीत कळसूबाईपेक्षा कमी, पण १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्यामुळे त्याचा रुबाब वेगळा. कळसूबाईवर बुरूज नाही, दरवाजा नाही, दारूकोठार नाही. इथं कुणी खिंड लढवली नाही, कुणी तह केला नाही, कुणी दोर कापले नाहीत. इतिहास म्हणून सांगता येईल अशी एकच गोष्ट या डोंगरावर घडली, आणि तीही लोकांच्या तोंडी राहिली. एका मुलीनं नोकरी सोडली.

गोष्ट अशी. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानावनाची ओढ असलेली. डोंगराच्या पायथ्याशी उत्तरेला इंदोरे नावाचं गाव आहे, तिथं एका कोळी कुटुंबात ती कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, की पडेल ते काम करीन, पण दोन कामं सोडून. भांडी घासणार नाही आणि केरकचरा काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितली आणि वर कचराही काढायला लावला. तिनं दोन्ही कामं केली आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथं तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथं कचरा काढला तो काळदरा. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटिअरात ही कथा नोंदलेली आहे. सांगणारा बदलला की थोडाफार तपशील बदलतो, पण दोन कामं आणि एक अट सहसा जागेवर असतात.

आपल्या देवीदेवतांच्या कथांत ही कथा मला फार वेगळी वाटते. हिनं राक्षस मारलेला नाही. कुणाला शाप दिलेला नाही. कुणाच्या स्वप्नात जाऊन 'मला इथून काढ' असंही सांगितलेलं नाही. तिला न्याय हवा होता तो अगदी साधा: ठरलं होतं ते पाळा. आणि पाळलं नाही म्हणून तिनं काय केलं, तर आधी भांडी स्वच्छ घासली, कचरा काढला, आणि मग निघाली. अलीकडच्या भाषेत सांगायचं तर नोटीस पिरियड पूर्ण करून गेली. आदळआपट नाही, चार लोकांत बोलणं नाही, जाताना मालकाचे दोष सांगणारं लांबलचक पत्र नाही. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेला नाव मिळालं ते या राजीनाम्यामुळे.

आता या राजीनामा दिलेल्या बाईकडे रविवारी कोण जातं ते पाहा. जी माणसं राजीनामा देऊ शकत नाहीत, ती सगळी. मुंबईचे लोक शनिवारी रात्री कसाऱ्याची गाडी पकडतात आणि तिथून जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून घोटीमार्गे बारी गाठतात. पुण्याचे लोक मिनीबसमध्ये बसून संगमनेर, अकोले, राजूर करत, मान वाकडी करून झोपत, तिथंच पोचतात. बारी हे अकोले तालुक्यातलं पायथ्याचं गाव. पहाटे चारला तिथं थंडीत कुडकुडणाऱ्या अनोळखी माणसांचं एक वर्तुळ उभं राहतं आणि ट्रेक लीडर नावाचा वीस-बावीस वर्षांचा उत्साही मुलगा सांगतो, "सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या."

आमच्याही वर्तुळात ओळखी झाल्या. प्रत्येकानं नाव सांगितलं आणि लगेच आपण कुठे कामाला आहोत ते सांगितलं. एक तरुण आयटीत होता. एक बाई कॉलेजात शिकवत होत्या. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते. पण त्यांनीही 'रिटायर्ड सीनियर मॅनेजर' अशी ओळख दिली, म्हणजे पद अजून सोबत होतंच. त्यांना आम्ही तिथपासून साहेबच म्हणायला लागलो. माझ्या बायकोनं फक्त नाव सांगितलं आणि थांबली. लीडर वाट पाहत राहिला. मग ती म्हणाली, "आज रविवार आहे."

बारीतून निघालं की कापणी झालेल्या भातखाचरांच्या बांधावरून वाट जाते. गावातलं एखादं कुत्रं सोबत येतं. ते कुणाचंही नसतं आणि माथ्यापर्यंत सगळ्यांचं असतं. ज्याच्या पिशवीत बिस्किटं आहेत त्याच्याशी त्याची निष्ठा किंचित जास्त. थोडं वर गेलं की देवीचं एक देऊळ लागतं. ज्यांना वरपर्यंत जाणं जमत नाही अशांनी इथंच हात जोडावेत, ओटी भरावी. मला ही सोय फार आवडली. देवी वर जाऊन बसली खरी, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांची तिनं अडचण केली नाही. साहेब त्या देवळापाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आम्हा सगळ्यांच्याच मनात चाललं होतं, पण ओळख करून देताना त्यांनी हिमालयाचा उल्लेख केलेला असल्यामुळे त्यांना पुढे निघावं लागलं.

खऱ्या चढाला सुरुवात होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तोच साहेबांनी जाहीर केलं, "हवा विरळ व्हायला लागली."

लीडरनं अदबीनं सांगितलं, की सर, अगदी माथ्यावरसुद्धा हवेचा दाब समुद्रकाठच्या ऐंशी टक्क्यांहून जास्तच असतो. इथं तर आपण अजून पायथ्याशी आहोत. साहेबांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. मलाही पटलं नाही. विज्ञानाचं म्हणणं खरं मानलं तर दोष हवेकडून काढून खुर्चीकडे द्यावा लागतो, आणि खुर्चीवर तर आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं गेलेली असतात. त्यापेक्षा हवा विरळ असलेली बरी.

या चढाची दुसरी गंमत म्हणजे त्याचे खोटे माथे. समोर एक धार दिसते, तिच्या मागे नुसतं आकाश. माणूस मनाशी म्हणतो, संपलं. धापा टाकत तिथं पोचतो, तर पुढे थोडी सपाटी आणि तिच्या मागे आणखी एक धार. हे सगळं फार जुनं कारस्थान आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे एकावर एक थर साचत गेले. मग पावसानं आणि वाऱ्यानं ते कापले. घट्ट थराचा कडा राहिला, ठिसूळ थराची उतरंड झाली. म्हणून सह्याद्रीत कडा, मग पायरी, मग पुन्हा कडा. साहेबांना तिसऱ्या धारेवर जो चकवा बसला त्याची तयारी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाली होती. त्याला लीडर काय करणार? तो बिचारा "आता दहाच मिनिटं" एवढंच म्हणत होता. ट्रेक लीडरची दहा मिनिटंही त्याच लाव्हाची बनलेली असतात.

उजाडता उजाडता मागून कुणीतरी "बाजूला व्हा दादा" म्हणालं. पाहिलं तर डोक्यावर पोतं घेतलेली एक बाई. वय साठीच्या आसपास, पायात रबरी चपला, कमरेला खोचलेलं लुगडं, आणि पोत्यात पाण्याच्या बाटल्या, कांदे, बेसन, तेलाचा डबा. ती चालत होती आणि चालता चालता मागच्या मुलाशी बोलत होती. बोलण्यात एकदाही श्वास तुटला नाही. काल मिरच्या कमी पडल्या, आज दोन पोरं येणार नाहीत, जळण वर शिल्लक आहे की नाही, असा सगळा दुकानदारीचा विषय. आम्ही महागडे बूट आणि दोन-दोन काठ्या घेतलेले लोक वाटेच्या कडेला भिंतीला चिकटून उभे राहिलो, आणि ती निघून गेली. ज्याला आम्ही गेले पंधरा दिवस 'मोहीम' म्हणत होतो, ते तिचं अप-डाउन होतं.

माझ्या बायकोनं तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत विचारलं, "हिला कुणी सर्टिफिकेट दिलं असेल का रे?"

मग शिड्या लागतात. जिथं उभा कडा आडवा येतो तिथं लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, आणि रविवारी प्रत्येक शिडीला रांग असते. शिडीवर चढणाऱ्या माणसापेक्षा खाली उभा असलेला माणूस नेहमीच जास्त जाणकार असतो. "डावा पाय आधी." "घाई नको." "खाली बघू नका." हा शेवटचा सल्ला ऐकला की माणूस हमखास खाली बघतो. पहाटेच्या थंडीत लोखंड इतकं गार झालेलं असतं की हात धरायलाही नको म्हणतात आणि सोडायलाही. मधल्या एका पायरीवर एक मुलगा थांबून स्वतःचा व्हिडिओ काढत होता. त्याच्या मागे वीसेक माणसं शिडीवर लोंबकळत होती. त्यानं शांतपणे केस नीट केले. एव्हरेस्टच्या शेवटच्या धारेवर लागलेल्या रांगेचा २०१९ सालचा फोटो तेव्हा जगभर फिरला होता आणि लोक हळहळले होते. आमच्या रांगेत कुणी हळहळलं नाही. मागून फक्त "ओ भाऊ, पोस्ट वर जाऊन करा" असा आवाज आला. महाराष्ट्राचं एव्हरेस्ट म्हणतात ते अशा वेळी पटतं.

माथ्याच्या अलीकडे एक विहीर आहे. इतक्या उंचीवर पाणी पाहून बरं वाटतं. तिथं, आणि वाटेत ठिकठिकाणी, झोपड्यांतून लिंबू सरबत, चहा, भजी मिळतात. भज्यांचा वास शंभर पावलं आधी येतो, आणि ती शंभर पावलं साहेबांनी सबंध दिवसात सर्वांत जोरात चालली. वर जावं तशी पाण्याच्या बाटलीची किंमत वाढते, यावर खालून आलेले काही लोक हुज्जत घालतात. डोक्यावरून पोतं आणणारी बाई ज्यांनी पाहिली होती ते हुज्जत घालत नव्हते. किंमत उंचीप्रमाणे वाढते, एवढंच काय ते.

आणि मग शेवटची शिडी, आणि माथा. माथा लहान आहे. त्यावर देवीचं छोटं देऊळ. आत एका वेळी मोजकीच माणसं मावतात. अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांची हद्द या माथ्यावरून जाते, त्यामुळे प्रदक्षिणा घालताना माणूस एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाऊन परत येतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हवा स्वच्छ असली तर इथून जे दिसतं त्याला तोड नाही. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बलदंड गडी. खाली भंडारदऱ्याचं पाणी, १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणानं अडवलेलं. त्या पाण्यामागे रतनगड, त्याच्या माथ्यावरच्या आरपार भोकासकट. त्याला नेढं म्हणतात. त्याच्याही पलीकडे हरिश्चंद्रगड. पूर्वेकडे पट्टा, औंढा, बितनगड. प्रत्येक गटात डोंगरांची ओळखपरेड घेणारा एक जण असतोच. तो बोट दाखवून नावं सांगू लागला की शेजारच्या गटातला दुसरा जाणकार "तो अलंग नाही, मदन" असं म्हणतो, आणि दोघांत असा काही वाद जुंपतो की डोंगरांनीही आपापली नावं एकदा तपासून घ्यावीत.

माथ्यावरून मुंबई दिसते, असं सांगणाराही एक असतो. गणित त्याच्या बाजूनं आहे. १६४६ मीटरवरून समुद्रसपाटीचं क्षितिज सुमारे १४५ किलोमीटर दूर असतं, म्हणजे कागदावर मुंबई त्या टप्प्यात येते. पण मध्ये डोंगर आहेत, धूर आहे, धुकं आहे. त्यानं दाखवलेल्या राखाडी पट्ट्यात ठाण्याहून आलेले दोघं आपली सोसायटी शोधत होते. रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर यायचं, शिड्या चढायच्या, आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी उभं राहून जिथून आलो ते घर दिसतं का ते पाहायचं! पावसाळ्यात येणाऱ्यांची यातून सुटका होते. तेव्हा ढगात स्वतःचा हातही नीट दिसत नाही, आणि माणसं चिंब भिजून, काहीही न पाहता, अतिशय समाधानानं परत जातात.

माथ्याची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. तिथं पोचल्यावर करायला काही उरत नाही. दर्शन झालं, फोटो झाला, गडांची नावं झाली. आता आणखी वर जाता येत नाही. सतत काहीतरी चढत राहण्याची सवय झालेल्या माणसाला ही मोठी कठीण जागा. पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. "पुढचा कुठला?" असं कुणीतरी विचारतं. कुणी घड्याळ बघतं. आणि तेवढ्यात खिशातले फोन किणकिणू लागतात, कारण खाली न मिळालेली रेंज इथं उघड्यावर छान मिळते. आयटीतला तरुण देवळाच्या मागे सावलीला गेला. मला वाटलं, ध्यान करतोय. तो पाठ वाकवून, स्क्रीनवर हाताचा आडोसा धरून, कुणालातरी लिहीत होता, की शीट आज रात्रीपर्यंत पाठवतो. त्याच्या साहेबांना रविवारी सकाळीच ती शीट आठवली होती. मला देवीची काळजी वाटली. 'नको ती कामं सांगू नका' म्हणून बाई इतक्या उंच येऊन बसली, आणि आता लोक कामं बरोबर घेऊन वर येतात.

देवळाच्या दाराशी तर याहून कडी होती. एक मध्यमवयीन जोडपं मुलाला पुढे करून नमस्कार करायला लावत होतं. "माग, नोकरी लागू दे म्हण." मुलानं डोळे मिटून मागितली. त्यांच्या मागे उभी असलेली मुलगी मैत्रिणीला सांगत होती, की प्रमोशन झालं तर पुन्हा येईन असं बोलले आहे. नोकरी सोडून आलेल्या देवीकडे लोक नोकरी मागतात, आणि ती देतही असेल. तिची तक्रार कामाविषयी नव्हतीच म्हणा. पण नोकरी देताना 'अटी नीट ठरवून घे' असं ती एखाद्याच्या कानात सांगत असेल का, ते कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या एका डोंगराची गोष्ट मला अशा वेळी आठवते. १९५५ साली जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे दोघे कांचनजंगा चढले. जगातलं तिसरं सर्वोच्च शिखर, ८५८६ मीटर. सिक्कीमच्या लोकांना तो डोंगर पवित्र, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही असं वचन दिलेलं होतं. दोघे माथ्याच्या अगदी जवळ पोचले आणि तिथंच थांबले. मागाहून गेलेल्या अनेकांनीही तो रिवाज पाळला. दिलेला शब्द कुणाच्याही नजरेआड, आठ हजार मीटरवर, कोणी विचारणारं नसताना पाळला गेला. इंदोऱ्यातल्या त्या घराला आपल्याच अंगणात तेवढं जमलं नाही. कळसूबाईला त्या दोघांचं कौतुक वाटलं असतं. तिच्या स्वतःच्या माथ्यावर मात्र पाय ठेवायला कुणाला बंदी नाही. नवरात्रात इथं मोठी जत्रा भरते, आणि आसपासच्या गावांतल्या बाया हातात ओटीचं सामान घेऊन हा सगळा चढ चढून येतात. त्यांना कुणी खोटे माथे समजावून सांगत नाही.

उतरायच्या आधी आम्ही भजी खायला बसलो, ती नेमकी पहाटेच्या त्या पोतंवाल्या मावशींच्या झोपडीत. भजी देऊन झाल्यावर त्या बाहेर दगडावर बसल्या आणि राखेनं कढई घासू लागल्या. माझ्यातला निबंधकार गप्प बसेना. मी म्हटलं, "मावशी, देवी तर भांडी घासायची नाहीत म्हणून इथं आली. आणि तुम्ही इथं येऊन भांडीच घासताय!"

त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. अशा गोष्टी विचारणारी माणसं दर रविवारी येत असणार.

"ती दुसऱ्याची व्हती," त्या म्हणाल्या. "ही माझी हायेत."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् तिला बोलले व्हते ना, नाय सांगनार म्हून? मंग सांगितलं कशाला?"

एवढं बोलून त्यांनी कढई उपडी ठेवली, झाडू घेतला आणि झोपडीसमोर पडलेली वेफर्सची पाकिटं एका कोपऱ्यात लोटायला लागल्या. ती पाकिटं मात्र त्यांची नव्हती. आमच्या आधी बसून गेलेल्यांची होती. भांड्यांचं उत्तर त्यांनी चोख दिलं होतं. कचऱ्याबद्दल मी काही विचारलं नाही. उठताना बायकोनं दोन पाकिटं उचलून आपल्या पिशवीत घातली. लीडरनंही एक मोठी पिशवी काढली आणि उतरताना वाटेवरचं प्लास्टिक वेचायला सगळ्यांना लावलं. साहेबांनी आधी जरा कुरकुर केली. मग लीडर म्हणाला, "सक्ती नाही सर." ते ऐकल्यावर साहेबांनी सर्वांत जास्त पाकिटं वेचली. माणूस काय करतो याहून ते त्याला कसं सांगितलं गेलं याला किती महत्त्व असतं, हे त्यांनी बँकेत कितीदा तरी पाहिलं असेल. आता डोंगरावर त्याचा पुरावा देत होते.

उतरणं हा चढण्याचा उपसंहार आहे असं ज्यांना वाटतं त्यांचे गुडघे तरुण असतात. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. शिड्यांवरून तोंड कड्याकडे करून उलटं उतरावं लागतं, त्यामुळे पाय ठेवायची पुढची पायरी दिसत नाही, फक्त चाचपडावी लागते. वर येणाऱ्या ताज्या दमाच्या लोकांनी "अजून किती?" असं विचारलं, की आमच्यातले सगळे, अगदी साहेबसुद्धा, बेधडक सांगू लागले, "दहाच मिनिटं."

बारीला जेवून मिनीबसमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना माणसं आडवीतिडवी झोपली. बायको खिडकीतून मागे पाहत होती.

"दोनच कामं," ती म्हणाली. "बाकी सगळं करायला तयार होती ती. दोनच सोडून. तेवढंही लोकांच्यानं झालं नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "मीपण दोन ठरवलीत."

"कुठली?"

"ते घरी गेल्यावर सांगेन. तू कबूल हो आधी."

मी सावधपणे विचारलं, की कबूल होऊनही उद्या माझ्याकडून मोडलं तर काय? एवढ्या लांब येऊ नकोस, पर्वती आहे की जवळ. १०३ पायऱ्या. जाशील, बसशील, राग गेला की येशील.

ती हसली. "पर्वतीवरून आपलं स्वयंपाकघर दिसतं. कुकरची शिटीसुद्धा ऐकू येईल. तिनं एवढी उंची उगाच नाही निवडली. खालून मारलेली हाक वर येणार नाही, हे तिनं आधी बघून ठेवलं असणार."

"आता वर रेंज आहे," मी म्हटलं.

"म्हणून फोन तुझ्याकडे देऊन जाईन," ती म्हणाली आणि डोळे मिटून झोपून गेली.